पिकअप इल्ला!

आमच्या भागात गाडी ओढेनाशी झाली की गॅरेजवाला हात पुसत म्हणतो, "पिकअप इल्ला, सर." घरी येऊन आपण तेच मराठीत सांगतो, "गाडीला पिकअप नाही." इंदूरकडे गेलात तर तिथला मिस्त्री म्हणेल, "भिया, गाडी उठ नी री, पिकअप खतम." भाषा तीन, पण दुखण्याचे नाव एकच. आणि तिन्हीकडे या वाक्यामागून येणारे दुसरे वाक्यही बहुधा एकच असते : "इंजिन खोलावे लागेल."

त्या दुसऱ्या वाक्याची घाई किती महागात पडू शकते, आणि ते वाक्य टाळायला किती थोडे लागते, हे मी २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत देपालपूरच्या रस्त्यावर पाहिले. ज्यांच्या घरी अजून जुनी मोटरसायकल आहे (आणि आपल्याकडे कुणाच्या घरी नाही?) त्यांच्यासाठी हा अनुभव लिहून ठेवतो.

देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटर. एके काळी होळकरांच्या राज्यातले. भोवती माळव्याची काळीभोर जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. माझे धाकटे काका नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. निवृत्तीनंतरही बेळगावला परतले नाहीत. जाताना मात्र त्यांनी बेळगावहून एक वस्तू हट्टाने बरोबर नेली होती, ती म्हणजे १९८६ साली घेतलेली त्यांची येझदी रोडकिंग.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. येझदी ही आपल्या म्हैसूरची गाडी. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या सहकार्याने आयडियल जावा या कंपनीने १९६१ पासून म्हैसूरच्या यादवगिरीत मोटरसायकली बनवायला सुरुवात केली. आधी त्या जावा नावाने निघत, पुढे येझदी नावाने. इराणमधल्या याझ्द शहरावरून हे नाव घेतले, असे सांगतात. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि किक मारायचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा व्हायचा. ज्याने ती चालवली त्याच्या पोटरीला तिची किक आणि कानाला तिचा आवाज कायमचा लक्षात राहिला. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली, ती क्लासिक लेजेंड्स या कंपनीकडून. गंमत अशी की या नव्या गाड्या बनतात पीथमपूरला, म्हणजे देपालपूरहून बेटम्याच्या पुढे गेले की लागणाऱ्या औद्योगिक वसाहतीत. काका म्हणतात, "हिचं माहेर म्हैसूर आणि हिच्या नाती पीथमपूरला. मधल्या मध्ये ही माझ्याकडे." या गाडीशी ते अजून कन्नडमध्येच बोलतात. चढ आला की "नडी, नडी" आणि बंद पडली की "एनात?"

गेल्या दसऱ्यानंतर मात्र या "एनात?"चे उत्तर मिळेनासे झाले होते. काका-काकू बेटम्याला एका कार्यक्रमासाठी निघाले. सोयाबीनने भरलेली ट्रॉली पुढे चालली होती. काकांनी तिला ओलांडायला गाडी उजवीकडे घेतली, मूठ पिळली, आणि ऐन वेळी इंजिनातला जीवच गेला. समोरून ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, ट्रॉलीवाल्याने ट्रॅक्टर कडेला उतरवला, म्हणून दोघे वाचले. काकूंनी त्याच ठिकाणी गाडीवरून उतरून जाहीर केले की यापुढे मी या गाडीवर बसणार नाही. त्या उरलेला रस्ता बसने गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा घरात याच गाडीवरून अबोला होता. चुलतभाऊ बंगळूरहून फोनवर सांगत होता, "बाबा, भंगारात द्या ती." गावातल्या मेकॅनिकने गाडी दोनदा पाहिली होती. प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. त्यातून गुण आला नाही तेव्हा त्याने ते वाक्य उच्चारले. बोअर, पिस्टन, रिंगा, शिवाय क्रँकची सिले. सुटे भाग इंदूरहून शोधून आणावे लागणार. खर्चाचा आकडा काकूंच्या समोर कुणी उच्चारत नव्हते.

मी काही मेकॅनिक नाही. वडिलांच्या जावावर लहानपणी पाने-स्क्रू उचलून देण्याचे काम केले, तेवढीच माझी पात्रता. पण कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, आणि वर्गात शिकवलेले कधीतरी रस्त्यावर वापरून पाहावे अशी इच्छा होतीच. म्हणून काकांना म्हटले, "इंजिनाला हात लावण्याआधी मला फक्त प्रश्न विचारू द्या."

पहिला प्रश्न : ताकद गेली म्हणजे नेमके काय झाले? हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, असे असेल तर इंजिन धडधाकट आहे, क्लचच्या प्लेटा घसरताहेत. इंजिन दमल्यासारखे वाटते पण क्लच दाबून गाडी ढकलली तरी जड जाते, असे असेल तर ब्रेक चिकटला आहे किंवा चेन फार ताणली आहे. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवून पाहायला अर्धे मिनिट लागते, पण ते अर्धे मिनिट खर्च न करता इंजिन उघडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दोन्ही प्रकार काकांच्या गाडीत नव्हते. आवाजच बसत होता.

दुसरा प्रश्न : हळूहळू गेली की एकदम? जे झिजते ते हळूहळू झिजते. रिंगा, पिस्टन, सिलिंडरची भिंत यांची झीज महिनोन्‌महिने चालते. आपल्याला ती कळतही नाही, एखाद्या दिवशी नेहमीचा घाट तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो तेव्हा कळते. एअर फिल्टर धुळीने भरतो तोही हळूहळू, आणि सोयाबीन-गव्हाच्या मळणीच्या दिवसांत जरा लवकर. सायलेन्सरमध्ये काजळी धरते तीही वर्षानुवर्षे. मात्र जे एकदम जाते आणि पुन्हा एकदम परत येते, ते झिजलेले नसते. झिजलेली रिंग दहा मिनिटे सावलीत उभी राहिल्याने नवी होत नाही. काकांची गाडी थोडा वेळ थांबली की पूर्ववत पळत होती. बोअर-पिस्टनच्या निदानाविरुद्ध माझ्या मते एवढा एकच पुरावा पुरेसा होता.

एकदम जाऊन परत येणाऱ्या दुखण्यात संशयित मोजके उरतात. एक ठिणगीचा, म्हणजे इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर. हे थंड असताना ठीक असतात, तापले की दगा देतात आणि निवले की पुन्हा शहाण्यासारखे वागतात. दुसरा पेट्रोलचा. टाकीत पेट्रोल आहे, पण कार्बोरेटरपर्यंत पुरेसे पोचत नाही. तिसरा उष्णतेचा : पिस्टन तापून सिलिंडरला धरू लागतो, ज्याला आपण सीझ म्हणतो. तोही निवल्यावर सुटतो, पण जाताना ओरखडे ठेवून जातो.

इथे टू-स्ट्रोकची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. या इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पोचले की ऑइलही कमी पोचते. शिवाय पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन जास्त तापते. म्हणजे तहानलेल्या माणसाला त्याच वेळी उन्हातही उभे केल्यासारखे होते. अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच काका करत होते : मूठ आणखी पिळायची. त्यातून पिस्टन धरला तर मागचे चाक जागच्या जागी अडकते आणि चालत्या गाडीवरून माणूस फेकला जातो. ताकद अचानक बसली की मूठ सोडायची, क्लच दाबायचा आणि गाडी घरंगळत कडेला घ्यायची. हे मी काकांना दोनदा सांगितले. काकूंनी तिसऱ्यांदा सांगितले.

मग मी विचारले, कधीपासून होते आणि किती अंतरावर होते? काका म्हणाले, गावात कधीच त्रास देत नाही. बाजार, बँक, देऊळ, दोन-तीन किलोमीटर झकास. बेटम्याला किंवा इंदूरला निघालो की सात-आठ किलोमीटरवर घुसमटते. आणि एक विचित्र गोष्ट अशी की, टाकी भरून निघाले तर आणखी लवकर, चार-पाच किलोमीटरवरच. म्हणून त्यांना पंपावरच्या पेट्रोलचा संशय होता. गावात फिरायला ते एका वेळी दोन लिटरच्या वर पेट्रोल टाकत नाहीत, लांब जायचे असेल तेव्हाच टाकी भरतात.

पेट्रोलचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आरंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. ते इथेनॉल येते कुठून, हे उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना सांगायला नको. चिकोडी-अथणीचा ऊसच शेवटी टाकीत उतरतो म्हणा. पण जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल रबराच्या जुन्या नळ्या आणि वॉशर मऊ करते, त्यांचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. ते पाणी ओढून घेते. टाकीत पाणी जास्त झाले की इथेनॉल पाण्याबरोबर वेगळे होऊन तळाशी बसते, आणि नेमके तळाशीच कार्बोरेटरकडे जाणारे भोक असते. पावसाळ्यात काकांना हा अनुभव आला होता. जुलैमध्ये गाडी बंद पडली, मेकॅनिकने कार्बोरेटरच्या वाटीतून पाणी काढून दाखवले. पण पाण्याचे दुखणे पहिल्या किकपासून त्रास देते, आठ किलोमीटरची वाट पाहत नाही. टाकी भरल्यावर ते लवकर का व्हावे, याचेही उत्तर त्यातून मिळत नव्हते.

मी शेवटचा प्रश्न विचारला : बंद पडल्यावर तुम्ही काय करता?

"काय करणार? कडेला घेतो. झाकण उघडून पेट्रोल बघतो. असतंच. मग झाकण लावतो, पाच-दहा मिनिटं थांबतो, किक मारतो. चालू होते."

काका प्रत्येक वेळी दोन गोष्टी करत होते. थांबत होते, आणि झाकण उघडत होते. गाडी बरी होण्याचे श्रेय त्यांनी सगळे थांबण्याला दिले होते, कारण झाकण उघडणे हे त्यांच्या लेखी फक्त पाहणे होते. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण असले की कार्य होते आणि कारण नसले की होत नाही, हे दोन्ही बाजूंनी तपासायचे. दोन कारणे नेहमी जोडीनेच येत असतील तर आधी ती जोडी फोडावी लागते. मेकॅनिकचाही यात फार दोष नव्हता. गॅरेजमध्ये गाडी आली की तोही पहिल्यांदा झाकण उघडून पेट्रोल पाहतो. मग चक्कर मारायची ती गल्लीच्या टोकापर्यंत. दुखणे त्याच्यासमोर आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी अर्धी भरून मी आणि काका बेटम्याच्या रस्त्याला लागलो. बरोबर प्लगचा पाना, फडके आणि पाण्याची बाटली. गाडी मी चालवत होतो. खरे सांगतो, मजा येत होती. दुतर्फा कापलेल्या सोयाबीनची रिकामी शेते, मधूनमधून मळणीयंत्राचा धुरळा, आणि खाली दोन सायलेन्सरांचा तो आवाज. सहा किलोमीटर झाले, तोपर्यंत काहीही नाही. सातव्याच्या आसपास मुठीखाली गाडी सैल पडल्यासारखी वाटली, मग एक-दोन आचके, मग घुसमट. क्लच दाबला, चावी बंद केली, कडेला थांबलो.

लगेच प्लग काढला. गाडी बंद पडल्या क्षणाचा प्लग पुष्कळ काही सांगतो, म्हणून चावी लगेच बंद करायची. तसेच इंजिन रेटत राहिले तर साक्ष पुसली जाते. ठिणगी तुटली असती तर न जळलेल्या पेट्रोलने प्लग ओला मिळाला असता. हा कोरडा ठणठणीत होता आणि टोकाला चॉकलेटीऐवजी पांढुरका. कॉइल-कंडेन्सर बहुतेक सुटले. इंजिन तहानलेले होते.

प्लग बसवताना काकांचा हात सवयीने टाकीच्या झाकणाकडे गेला. मी तो धरला. "काका, आज झाकण नाही उघडायचं."

"अरे, पेट्रोल तर बघू दे."

"काल रात्री अर्धी टाकी आपणच भरली ना? मग आज फक्त थांबायचं."

दहा मिनिटे घड्याळ लावून थांबलो. काका अस्वस्थ. एक शेतकरी सायकल थांबवून चौकशी करून गेला. किक मारली, गाडी चालू झाली. काका विजयाने माझ्याकडे पाहू लागले. पण दोन शेते ओलांडली नाहीत तोच पुन्हा तीच घुसमट. थांबल्याने कार्बोरेटरच्या वाटीत जे थेंब थेंब साठले होते तेवढे संपले होते. म्हणजे थांबण्याचा गुण फार तर अर्धा किलोमीटर.

आता काकांना म्हटले, "उघडा." त्यांनी झाकण फिरवले आणि फुस्स असा लांब आवाज झाला. काकांना हल्ली ऐकायला थोडे कमी येते, आणि वाहत्या रस्त्यावर तर नाहीच. त्यांनी तो आवाज आजवर ऐकलाच नव्हता. झाकणाखाली टाकीच्या तोंडावर एक प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा होता, आणि तो आत वाटीसारखा खोल ओढला गेला होता.

"हे काय?"

"ते होय? जुलैत पाणी गेलं ना टाकीत. झाकणाचं वॉशर गेलंय. म्हणून मी ते लावलं. तेव्हापासून पाण्याचा एक थेंब नाही." काकांच्या स्वरात अभिमान होता. मग तो हळूहळू ओसरला.

टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने. या गाडीला पंप नाही. जेवढे पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते बंद झाले की आतला दाब कमी होत जातो आणि पेट्रोल खाली उतरायला कचरते. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेले की ते गटगट करत अडते, ती गोष्ट स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. काकूंना नंतर समजावून सांगायला मला हेच उदाहरण पुरले. टाकी भरल्यावर त्रास लवकर का, हेही आता उलगडले. भरलेल्या टाकीत वर हवा थोडी असते. त्यामुळे थोडे पेट्रोल गेले तरी दाब झपाट्याने उतरतो. टाकी रिकामी असेल तर वरची भरपूर हवा जरा जास्त वेळ पुरते. गावात दोन लिटर पेट्रोल आणि दोन किलोमीटरची चक्कर, म्हणून गावात काही होत नव्हते. जुलैत लावलेल्या तुकड्याचा परिणाम ऑक्टोबरातल्या पहिल्या लांब प्रवासात दिसला, म्हणून दोहोंचा संबंध कुणाच्या मनात आला नाही.

तुकडा खिशात घातला, झाकण नुसते टेकवून लावले आणि बेटम्यापर्यंत जाऊन चहा पिऊन आलो. गाडी कुठेही अडखळली नाही.

रस्त्यावर न जाता हीच तपासणी अंगणातही करता येते. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडायची, कॉक उघडायचा आणि झाकण घट्ट लावून धार पाहत राहायची. एक-दोन मिनिटांत नाही, दहा मिनिटे. धार बारीक होत थेंबावर आली आणि झाकण उघडताच पुन्हा मोठी झाली, तर दोष झाकणात आहे. झाकण उघडूनही बारीकच राहिली, तर कॉकच्या जाळीत कचरा किंवा गंज आहे. सावलीत, इंजिन थंड असताना करावे, आणि त्या वेळी शेजारी विडी ओढणाऱ्याला जरा लांब बसवावे. टाकीवर रेक्झिनचे कव्हर हौसेने बसवतात तेही एकदा उचलून पाहावे, काही कव्हरांचा पट्टा नेमका झाकणावर येतो.

इथे गोष्ट संपली असती तर काकूंनी मला लाडू जास्त दिले असते. पण परत येताना लक्षात आले की गाडी बंद पडत नसली तरी तिचा जोर पूर्वीचा नाही. काकांच्या मेकॅनिकला घेऊनच पुढचे पाहिले. त्याचा कान पक्का होता. दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडाशी तळहात धरला तर उजवीकडचा झोत जोरात, डावीकडचा मिळमिळीत. डावीकडच्यातली आतली नळी ओढून काढली ती काळ्या चिकट राळेने भरलेली. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर मोकळा गेला नाही तर नवा आत येऊ शकत नाही. काका पेट्रोलमध्ये ऑइल मापाने नाही, मायेने ओततात, नेहमी जरा जास्तच. त्यातलेच जळके ऑइल हे. मेकॅनिकने नळी जाळून, खरवडून साफ केली. हे दुखणे त्या हळूहळू येणाऱ्यांपैकी होते, आधीच्या दुखण्याच्या आड लपलेले.

सायलेन्सरचे पाइप काढलेलेच होते, म्हणून मी त्याला म्हटले की आता या भोकातून बॅटरी लावून पिस्टन पाहा. हेड न उघडता पिस्टनची एक बाजू दिसायची ही सोपी वाट आहे. मेकॅनिकने पाहिले, मला दाखवले, मग काकांना दाखवले. पिस्टनवर वरून खाली तीन-चार बारीक उभ्या रेघा होत्या. तहानलेल्या इंजिनाची मूठ पिळत राहिल्याच्या त्या खुणा. त्या ट्रकसमोर किंवा त्यानंतर कधीतरी पिस्टन धरता धरता सुटला होता.

"अब्बी चल जाएगी," मेकॅनिक म्हणाला. "पण गर्मीत एकदा खोलून बघू." काका बराच वेळ बोलले नाहीत. रेघा खोल नव्हत्या, नखाला लागत नव्हत्या, म्हणून बोअरचे काम तूर्त टळले. झाकणाचे नवे वॉशर इंदूरहून मागवले, छिद्रात बारीक तार घालून ते मोकळे केले, आणि ऑइलसाठी काकूंनी औषधाच्या बाटलीबरोबर आलेला एक मापाचा पेला काढून दिला.

आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, देवळापर्यंत सोडा. काकांनी गाडी बाहेर काढली. काकू मागे बसल्या, एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला, आणि दुसरा हात पुढे करून टाकीचे झाकण उघडायला लावून आत एकदा स्वतः डोकावून पाहिले. मग म्हणाल्या, "नडी."